पाणी न दाखवलेलं कापड

लोणी देवकर
शनिवार, १० जानेवारी २०२६

चि. सौ. संस्कृती हिस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द लिहून मी बराच वेळ थांबले. नात्याने नणंद आणि वयाने चार वर्षांनी मोठी, म्हणजे रीतीप्रमाणे आशीर्वादच लिहायला हवेत. ते देण्याचा मला हक्क उरलाय का, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

इकडे सगळे खुशाल. अविराजना या महिन्यात कंपनीत सकाळची पाळी आहे, त्यामुळे दुपारी चारपर्यंत घरी येतात. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरलाय. तिकडे आईचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना, असं विचारणार होते, पण तू घालत असणारच. तू कधी चुकतेस?

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू लगेच म्हणशील, "जाऊ द्या ओ ताई." आणि मी जाऊ देईन.

मशीन पोचली. सौरभने दुपारी टेम्पोतून उतरवली आणि सख्खा भाऊ असून पाहुण्यासारखा उभ्याउभ्याच म्हणाला, "घे बाई तुजी मशीन. संस्कृतीनं पाठवलीय. म्हणली, ताईंच्याच हाताला शोभती."

मी विचारलं, "आणि ती कशावर शिवणार?"

"ती न्हाय शिवत आता. सव्वीस जानेवारीला नाचनाऱ्या अकरा पोरींच्या कपड्याचं शाळंचं काम बी नको म्हणून सांगितलं बाईंना." मग चप्पल घालता घालता म्हणाला, "तूच म्हणत हुतीस की, माजी मशीन मला कधी देनार म्हणून."

म्हणत होते. दोन वर्षांत निदान पाच वेळा म्हणाले असेन. दर वेळी हसत, म्हणजे कोणाला खरं वाटू नये आणि कानावर मात्र पडावं.

आता ती आमच्या खोलीत खिडकीखाली आहे. तिच्यावर तू चिंध्या जोडून केलेलं कव्हर आहे, त्याला कात्रीसाठी खिसा आहे. पट्टा नवा आहे. तेल इतकं नेमकं दिलंय की चाक बोटाने फिरतं. मी इतकी नीट ती कधीच ठेवली नव्हती. हे सगळं बघून मला आनंद व्हायला हवा होता, नाहीतर लाज वाटायला हवी होती. पण पहिला आला तो राग. निदान हे तरी खरं सांगून सुरुवात करते.

तू घरात यायच्या आधीचं तुला कोणी फारसं सांगितलं नसेल. मी शाळेत जायच्या आधी आईच्या मशीनखाली बसून चिंध्या वेचायचे. रंगांची नावं मी शाळेत शिकले नाही, कन्हेरीला आपल्या घराच्या पडवीत शिकले. आईचे नियम होते. पेपरवर कापून बघितल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. उसवायला लाजायचं नाही. आणखीही एक होता. मला आधी नुसती तुरपाई मिळाली, मग काज-बटणं, मग मशीन. मोठी कात्री आईने एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातात दिली. तुझ्या हातात लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात दिली. मी मोजलं होतं.

ओटीत आलेले ब्लाऊज पीस सगळ्यांच्याच घरात पडून असतात. या घरच्या ओटीतून त्या घरच्या ओटीत जातात, आणि कधीतरी आपलाच पीस आपल्याकडे परत येतो. आई मात्र ट्रंकेत साठवायची. म्हणायची, "नुसतं गावभर फिरवून काय करायचं? अंगावर मिरवू की!" मी बारावीत असताना मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही त्या पिसांचा चोवीस कळ्यांचा घागरा केला. तिरका कापून एक तुकडा सुलटा आणि एक उलटा धरला की एका पिसात दोन कळ्या बसतात, हे आईचं गणित. ओढणी जुन्या नेटच्या पडद्याची. काठ तिच्या विरलेल्या साडीचे. कानातलं तुटक्या मोत्याच्या माळेचं. विकत आणला तो फक्त दोरा आणि नाडी. मी मांडवात एक गिरकी घेतली आणि पंगतीतल्या बायकांचे हात ताटातच राहिले. बारामतीची एक बाई शोधत आली, हा कुठल्या दुकानातला म्हणून. आई म्हणाली, "दुकान आमच्या पडवीत हाय. आन् मालकीन ही माजी सोनल."

ते मालकीण म्हणणं मी अजून धरून बसले आहे.

माझं लग्न झालं तेव्हा इथे दोन खोल्यांत आधीच सासूबाईंचा पलंग, कपाट आणि फ्रीज. आईने मला दिलेली तिची मशीन नंतर नेऊ असं ठरलं. त्याच वर्षी तू आलीस. मग आईच्या स्टेटसवर फोटो यायला लागले. दुपट्ट्यातून शिवलेली गौराईची साडी. सौरभच्या मित्राच्या बायकोच्या डोहाळजेवणाचा हिरवा झगा, त्याला जुन्या खणाची कंबर. फोनवर आई सांगायची, "आमची संस्कृती लई हुशार. नुसतं बघून शिकती." नुसतं बघून! मला नऊ वर्षं लागली होती. मी म्हणायचे, "हो का? छान." आणि फोन ठेवून तुझे फोटो बोटांनी मोठे करून बघायचे. टीप कुठे वाकडी आहे, लेस कुठे वर गेली आहे. एकदा नेफ्याजवळ चुणी सापडली. तो दिवस मला चांगला गेला.

हे वाचून तुला कसं वाटेल याचा विचार करून मी हा परिच्छेद दोनदा खोडायला घेतला. पण हे खोडलं तर पुढचं तुला कळणार नाही.

काकांच्या राजवर्धनचं लग्न ठरलं तेव्हा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ती काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून. तू हळदीसाठी घागरा शिवायला घेतलास आणि आईने तुला सांगितलं, "सोनलला इचार, तिला समदं ठावं हाय." चार दिवसांत तुझे तीन फोन आले.

पहिल्या फोनला तू ब्लाऊज पीस मागितलेस. "ताई, ट्रंकेत लाल सुती पीस न्हाईत, तुमच्याकडं आहेत का?" मी नाहीत म्हणाले. माझ्या बॅगेत तेव्हा एकवीस पीस होते, त्यांत सहा लाल. मग तू बारामतीला जाऊन बाजारातून नवे लाल पीस आणलेस.

दुसऱ्या फोनला तू मला कल्पना सांगितलीस. वरून सगळ्या हळदीच्या रंगाच्या कळ्या. प्रत्येक दोन कळ्यांच्या मधे घडीत लपलेली एक कुंकवासारखी लाल. उभी राहिलीस तर नुसता पिवळा. गिरकी घेतलीस की आतून लाल उघडणार. "कसं वाटतंय ताई? लई भडक न्हाय ना होणार?" असं तू विचारलंस. मी म्हणाले, "ठीक आहे. कर."

संस्कृती, ते मला कधीच सुचलं नसतं. इतक्या वर्षांत आईलाही सुचलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी कणीक मळत होते आणि परातीत तो घागरा फिरताना मला दिसत होता. तुझ्या अंगावर, आपल्या अंगणात, आणि आई सगळ्यांना सांगतेय, ही माजी संस्कृती.

तिसऱ्या फोनला तू मापं विचारलीस. मी सांगितलेलं एकही माप चुकीचं नव्हतं. कळीची वरची रुंदी, खालची रुंदी, नेफ्याला किती सोडायचं, अस्तराला जुना परकर कसा लावायचा, सगळं बरोबर सांगितलं. वाटलं तर मोजून बघ. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. नव्या सुती कापडाला, त्यातही लाल रंगाला, कात्री लावायच्या आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं. रंग सुटायचा तो तिथेच सुटू द्यायचा. आई त्याला पाणी दाखवणं म्हणते. तो तिचा तिसरा नियम. ट्रंकेतले पीस ती आधीच भिजवून, वाळवून ठेवते, म्हणून तुझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. तुझ्या माहेरी, वडगावला, कोणी शिवत नाही. तुला कुठून माहीत असणार?

तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी तू अंगणात आलीस आणि मला धड बघवेना. तुझ्या बाह्यांना आईच्या जुन्या शिफॉन साडीचे लांब पदर होते, ते मागे उडत होते. कपाळावर तू कापडी झेंडूचा एकच तुकडा लावला होतास. बाकीच्या करवल्या भाड्याने आणलेल्या लेहेंग्यांत होत्या, मी माझ्या लग्नातल्या साडीत. राजवर्धनला हळद लावून तू बायकांच्या आग्रहाने गिरकी घेतलीस. लाल उघडलं. कोणाचं सहसा कौतुक न करणाऱ्या शेजारच्या साखरबाई काकूसुद्धा म्हणाल्या, "काय गं बाई, हे तर फूल उमललं!"

मग पोरांनी मोटरचा पाइप आणला. हळदीला पाणी उडणार हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी ओरडून तुला घरात बोलावू शकत होते. "संस्कृती, आई बोलावतेय", एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी मोबाईल पिशवीत घातला, साडी सावरली आणि ओट्यावर चढले.

पुढचं तुला माहीत आहे. मी फक्त मला काय दिसलं ते लिहिते. आधी गुडघ्याजवळ एक लाल रेघ उतरली. मग दहा. पिवळं सगळं चिखलासारखं झालं. तुझे पाय लाल, राजवर्धनचं पांढरं धोतर लाल, कॅमेरावाला हसतोय आणि थांबत नाही. आणि साखरबाई काकू, मघाशी फूल म्हणालेल्या त्याच, मोठ्याने म्हणाल्या, "अगं हळदीला आलीस का रंगपंचमीला? द्वारकाबाई, तुमची सून न्हाय, रंगाचा डबा हाय डबा!" सगळ्या हसल्या. मीही हसले. ओट्यावरून, थोडंसं. तू वर बघितलंस तेव्हा मी हसत होते. तुला ते दिसलं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आई चाचपडत दारात आली. कोणीतरी तिला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "तिची काय चूक न्हाय. मीच सांगायची ऱ्हायले. ह्या डोळ्यापायी माजं ध्यानच न्हाय ऱ्हायलं." ती कोणाकडे तोंड करून बोलत होती ते काळ्या चष्म्यामुळे कळलं नाही.

मी निघताना तिने एवढंच विचारलं, "ती तुला फोन करत हुती ना गं?"

"करत होती."

"हं," म्हणाली, आणि माझ्या ओटीत नारळ घातला.

आता इथेच थांबते. अविराज आलेत.

रविवार, ११ जानेवारी

कालचं पत्र इथेच संपवून सही करणार होते. मशीन मी ठेवून घेते, झालं गेलं विसरून जा, तुला दुसरी मशीन घेऊन द्यायला सौरभला सांगते, असा शेवट मनात तयारही होता.

सकाळी बॉबिन शोधायला मशीनचा खण ओढला. तो अर्ध्यात अडकला, तू कधी ओढला असशील तर तुला ठाऊकच आहे. हात घालून बघितलं तर मागे तुझी वही होती. शंभर पानी, शाळेच्या मुलांची असते तसली. तू ती मुद्दाम ठेवलीस असं मला वाटत नाही. विसरली असशील.

पहिल्या पानावर "शिवणकाम, आई आणि ताई". आत प्रत्येक फोनची तारीख. ताई म्हणाल्या, नेफा दीड इंच. ताई म्हणाल्या, अस्तर दोन बोटं वर. मी मधेच "अगं बाई, दूध उतू गेलं" म्हणाले होते, तेही तू लिहून घेतलंयस आणि मग बहुतेक हसून खोडलंयस. तिसऱ्या फोनचं पान भरून लिहिलंय. सगळ्यात शेवटी आहे:

"मी विचारलं, अजून काही राहिलं का ताई? ताई म्हणाल्या, नाही, एवढंच."

काल मी वर लिहिलंय की तू विचारलं नाहीस. ते खोटं आहे. ती ओळ मी खोडलेली नाही, खोटं लिहिताना माझं अक्षर कसं सरळ येतं ते तुला दिसू दे. तू विचारलं होतंस. खांद्याने फोन कानाशी धरून मी डाळीत मीठ घालत होते. चमचा हातात होता. मला आठवलं नाही असं झालं नाही. आठवलं, आणि मी म्हणाले, "नाही, एवढंच."

त्या ओळीच्या खाली दुसऱ्या पेनने, लग्नानंतर कधीतरी, तू लिहिलंयस: "मिठाच्या पाण्याचं ताईंनी सांगितलं असेल. मीच लिहायला चुकले."

संस्कृती, तू चुकली नाहीस.

शब्द न शब्द लिहून घेणारी तू. दूध उतू गेलेलं लिहून घेतलंस आणि मीठ सुटलं असेल असं तुला वाटलं! एवढ्या साध्या गोष्टीवर तू मशीन सोडलीस, अकरा मुलींच्या नाचाचे कपडे सोडलेस, आणि माझी वस्तू मला परत पाठवलीस, तेल देऊन.

मशीन इथे ठेवून घ्यायला मला जमणार नाही. सकाळी बसले होते तिच्यावर. जुन्या चादरीवर एक टीप मारून बघितली. ती इतकी सरळ आली की मी उठले.

मंगळवारचं टेम्पोवाल्याला सांगितलंय; हे पत्र तो उद्याच तुझ्याकडे पोचवेल. मशीन येईल आणि तिच्यासोबत मीही येईन. बुधवारी संक्रांत. शुक्रवारी आईचं हळदीकुंकू आहे, साखरबाई काकू येतीलच. त्यांच्यासमोर, आईसमोर, मी हे सगळं तोंडाने सांगणार आहे. त्या मला काय म्हणतील ते मी आत्तापासून ऐकतेय. माझ्या सासरपर्यंत दोन दिवसांत पोचेल, म्हणून अविराजना आज मीच सांगितलं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "तू?" तेवढंच. मग ताट उचलून आत गेले. तेव्हा तू त्या दिवशी मधे पडू नकोस. जाऊ द्या म्हणू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर.

हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. आज सकाळी आईच्या स्टेटसवर तू तिच्या केसांना तेल लावतेयस असा फोटो आहे. तोही मी बोटांनी मोठा करून बघितला. हेवा कधी जाईल मला माहीत नाही. पण तो माझ्या पोटात राहील, तुझ्या कापडात उतरणार नाही, एवढं मी बघेन.

शाळेच्या बाईंना मी फोन केलेला नाही. तुझ्या वतीने काही ठरवायचं नाही असं ठरवलंय. पण मंगळवारी मी आल्यावर तुला वाटलं, तर अजून बारा दिवस हातात असतील. गिरकीतला तो लाल अकरा मुलींच्या अंगावर एकदम उघडला तर कसा दिसेल, याचा मी सकाळपासून विचार करतेय. मशीनवर तू बस. मी खाली बसून तुरपाई आणि काज-बटणं करीन, आईजवळ करायचे तशी.

माझ्या बॅगेतले एकवीस पीस घेऊन येतेय. ज्यांना नाही म्हणाले होते तेच. वही काल सापडली असती तर काल भिजवले असते, आज भिजवले. आत्ता दोरीवर वाळताहेत. लालांपैकी चारांचं पाणी स्वच्छ आलं. दोन तिसऱ्या पाण्यातही रंग सोडताहेत. ते वेगळे बांधून आणते. ते वापरायचे का, तू ठरव.

आणि तुझ्या वहीला मी हात लावला आहे, त्याबद्दल माफी. तिसऱ्या फोनच्या पानावर पहिल्या ओळीच्या वर जागा होती, तिथे लिहिलंय: "आधी कापडाला पाणी दाखवणे. मूठभर मीठ, रंग सुटायचा थांबेपर्यंत." आणि तुझ्या शेवटच्या ओळीवर काट मारून खाली लिहिलंय, "ताईंनी सांगितलं नव्हतं." शेजारी सही केली आहे. ती वही आईला दाखवायची असेल तर दाखव. मला वाटतं, तिला वाचून दाखवायची गरज पडणार नाही.

आईला नमस्कार सांग. सौरभला सांग, टेम्पोतून उतरवायला ये.

ताई असं इथे लिहीत नाही. ते म्हणायचं की नाही, हे तुझ्याकडे आहे. तोवर नुसती,

सोनल